‘अमर्याद’ रजा मोठी की तीस दिवसांची?

वाचकाचे पत्र:

“मी ३४ वर्षांची असून चिंचवडजवळच्या एका कंपनीत गाड्यांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम करते. कंपनीने मला बदलीचे दोन पर्याय दिले आहेत, जर्मनीतील स्टुटगार्ट किंवा अमेरिकेतील टेक्सास राज्यातले ऑस्टिन. अमेरिकेचा पगार बराच जास्त आहे आणि तिथल्या ऑफर लेटरमध्ये भरपगारी रजा ‘अमर्याद’ असल्याचे लिहिले आहे, तर जर्मनीच्या पत्रात ‘३० दिवस’ एवढेच आहे. माझे आईवडील आणि सासूबाई साताऱ्याला असतात. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया वर्षभरात करायची आहे आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन दरवर्षी गणपतीत तीन-चार आठवडे घरी यावे अशी माझी इच्छा आहे. यजमान म्हणतात, अमर्याद हे तीसपेक्षा मोठेच असणार, मग विचार कसला करायचा? आपले मत कळवावे.”
– एक वाचक, चिंचवड

सप्रेम नमस्कार,

आपल्या यजमानांचे गणित शाळेच्या वहीत बरोबर ठरेल, पण रजेच्या बाबतीत आकडा हा शेवटी पाहायचा असतो. ही रजा देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे की ती त्याच्या मर्जीवर आहे, आपण मागितलेल्या तारखा कोण आणि कोणत्या कारणाने नाकारू शकतो, आणि वर्ष संपल्यावर किंवा नोकरी सुटल्यावर न घेतलेल्या दिवसांचे काय होते, हे आधी विचारावे लागते. आपल्या दोन्ही पत्रांना हे प्रश्न विचारले तर जर्मनीच्या पत्राला प्रत्येकाचे उत्तर देता येते. अमेरिकेच्या पत्राला, ते आपण सांगितले आहे तेवढेच असेल तर, एकाचेही देता येत नाही.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण भूल तिथेच पडते. तिथे कामाचे तास आणि किमान वेतन ठरवणारा केंद्रीय कायदा १९३८ सालचा आहे. त्याने आठवड्याच्या कामाची मर्यादा आणि जादा कामाचा मोबदला ठरवला, पण न केलेल्या कामाचा पगार देण्याची, म्हणजेच भरपगारी रजेची, सक्ती कोणत्याही मालकावर केली नाही. तो विषय मालक आणि कामगार यांच्यातील कराराचा मानला गेला आणि आजही तसाच मानला जातो. श्रीमंत देशांमध्ये खाजगी क्षेत्रासाठी एका दिवसाच्याही वार्षिक रजेची देशव्यापी हमी नसलेला देश म्हणून अमेरिकेचे नाव घेतले जाते, ते यामुळेच. राष्ट्रीय सुट्ट्या ११ आहेत, पण त्या दिवशी खाजगी कंपनीने कार्यालय बंद ठेवले पाहिजे किंवा पगार दिला पाहिजे असेही बंधन नाही. याचा अर्थ अमेरिकेत कोणाला रजा मिळत नाही असा नव्हे. बहुतेक चांगल्या कंपन्या ती देतात, कारण दिली नाही तर माणसे टिकत नाहीत. तिथल्या श्रम सांख्यिकी विभागाच्या २०२१च्या पाहणीत खाजगी क्षेत्रात एक वर्षाच्या नोकरीनंतर मिळणारी भरपगारी रजा सरासरी ११ दिवस आणि पाच वर्षांनंतर १५ दिवस होती. हे दिवस कंपनीच्या धोरणातून येतात आणि धोरण बदलण्याचा अधिकार कंपनीकडेच असतो.

मग ‘अमर्याद’ रजा कुठून आली? ज्या कंपनीत वर्षाला ठरावीक दिवस मिळतात, तिथे ते महिन्यागणिक आपल्या खात्यात साठतात आणि कंपनीच्या हिशेबात देणे म्हणून दिसतात. कॅलिफोर्नियात तर कायद्याने साठलेली रजा ही कमावलेली मजुरीच मानली जाते. वर्ष संपले म्हणून ती बुडवता येत नाही आणि नोकरी सुटली की तिचे पैसे द्यावेच लागतात. ‘अमर्याद’ म्हटले की सहसा काहीच साठत नाही, आणि जे साठलेच नाही त्याचे पैसे मागता येत नाहीत. कर्मचाऱ्याला मोकळीक देण्याचा हेतू काही कंपन्यांचा प्रामाणिक असतो, हे मी नाकारत नाही. परंतु या व्यवस्थेत कंपनीच्या वहीतले देणे पुसले जाते, हा योगायोग नाही. आपण जाणार आहात त्या टेक्सासमध्ये कॅलिफोर्नियासारखे संरक्षणही नाही. तिथे साठलेल्या रजेचे पैसे नोकरी सोडताना मिळतात ते कंपनीच्या लेखी धोरणात तसे म्हटले असेल तरच. मेन, नेवाडा आणि इलिनॉय या राज्यांनी गेल्या काही वर्षांत कोणत्याही कारणासाठी घेता येणारी, वर्षाला साधारण ४० तासांपर्यंतची भरपगारी रजा सक्तीची केली आहे. टेक्सास त्यांच्यात नाही, आणि आजारपणाची भरपगारी रजा खाजगी मालकाला सक्तीची करणारा राज्य कायदाही तिथे नाही.

त्यामुळे ‘अमर्याद’ याचा व्यवहारातला अर्थ ‘मॅनेजर जितकी मंजूर करील तितकी’ असा होतो. मॅनेजर समजूतदार असेल तर आपल्याला चार आठवडेही मिळतील. पण त्या जागी दुसरा माणूस आला, किंवा प्रकल्प अडचणीत आला, तर दाद मागायला कागदावर एकही आकडा नसतो; बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आपल्यासारख्यांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. टेक्सासमध्ये नोकरी सर्वसाधारणपणे कोणतेही कारण न देता संपवता येते, आणि कंपनीच्या बदलीवर मिळणारा व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली तर देश सोडण्यासाठी किंवा दुसरी कायदेशीर वाट शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. ज्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे तो माणूस सहकारी दहा दिवस घेत असताना स्वतः पंचवीस दिवस मागत नाही. मागायला कोणी मनाई केलेली नसते, तरीही तो मागत नाही.

आता जर्मनीचे पत्र पाहू. तिथला रजेचा केंद्रीय कायदा १९६३ सालचा आहे. त्यात किमान रजा २४ दिवस म्हटली आहे, पण ती सहा दिवसांचा आठवडा धरून. पाच दिवसांच्या आठवड्याला ती २० दिवस, म्हणजे पूर्ण चार आठवडे होते. युरोपीय संघाच्या २००३च्या निर्देशानेही सर्व सदस्य देशांना चार आठवड्यांची किमान भरपगारी रजा बंधनकारक केली आहे, आणि नोकरी चालू असताना त्या चार आठवड्यांच्या बदल्यात पैसे देऊन मोकळे होण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे रजा विकण्याची सवय इतकी मुरलेली आहे की ही मनाई प्रथम विचित्र वाटते, पण तिच्यामागचा विचार सरळ आहे: रजा विकता येऊ लागली की गरजू माणूस ती विकतोच आणि विश्रांती कागदावरच राहते.

आपल्या ३० दिवसांपैकी २० दिवस कायद्याचे आहेत आणि १० दिवस कराराचे. हा भेद आपण लक्षात ठेवावा. कायद्याचे दिवस सामान्यतः त्याच वर्षात घ्यायचे असतात आणि सबळ कारण असल्यास पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत नेता येतात. परंतु लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०१८ रोजी असा निर्णय दिला की केवळ कामगाराने अर्ज केला नाही म्हणून त्याची रजा बुडत नाही. ‘तुमची इतकी रजा शिल्लक आहे, ती अमुक तारखेपर्यंत घेतली नाही तर जाईल’ असे मालकाने स्पष्टपणे कळवलेले असले पाहिजे आणि ती घेण्याची खरीखुरी संधी दिलेली असली पाहिजे. जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये तेच तत्त्व देशात लागू केले. टेक्सासमध्ये रजा घ्यायची आठवण ठेवणे आणि तिच्यासाठी शब्द टाकणे हे आपले काम असेल, जर्मनीत ती जबाबदारी बऱ्याच अंशी मालकावर आहे. कराराच्या १० दिवसांसाठी मात्र करारात वेगळी, अधिक कडक अट घालता येते. त्यामुळे सही करण्यापूर्वी ते दिवस ३१ डिसेंबरला बुडतात की ३१ मार्चला, हे वाचून घ्यावे. वर्षात प्रथम कोणते दिवस खर्ची पडले असे धरले जाईल, हेही विचारावे.

आजारपणाचा नियम तर आपल्या फार उपयोगाचा आहे. जर्मनीत आजारपणाचे दिवस वार्षिक रजेतून जात नाहीत. नोकरीला चार आठवडे झाल्यानंतर एका आजारासाठी सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो आणि त्यापुढे आरोग्य विमा काही प्रमाणात रक्कम देतो. इतकेच नव्हे, तर रजेवर असताना आजारी पडल्यास, डॉक्टरांच्या दाखल्याने सिद्ध होणारे तेवढे दिवस रजेत धरले जात नाहीत, ते आपल्याला परत मिळतात. साताऱ्यात येऊन आपल्याला डेंग्यू झाला तर त्याच दिवशी कंपनीला कळवावे आणि डॉक्टरांकडून ‘काम करण्यास असमर्थ’ असे शब्द असलेला, तारखांसह दाखला घ्यावा. नुसते आजाराचे नाव आणि औषधांची चिठ्ठी पुरत नाही, आणि आपल्याकडचे डॉक्टर बहुधा तेवढेच लिहून देतात. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांत मात्र आजारपण आणि सहल एकाच गंगाजळीतून जातात. मूल पाळणाघरातून सर्दी-तापाची प्रत्येक साथ घरी आणते त्या वयात ती गंगाजळी किती टिकते, हे आपल्याला सांगायला नको.

जर्मनीतही आपल्याला हवी तीच तारीख मिळेल असे नाही. कायदा म्हणतो की कामगाराच्या इच्छेचा विचार करावा, मात्र कामाची तातडीची गरज असेल किंवा दुसऱ्या सहकाऱ्याचे सामाजिक कारण अधिक मोठे असेल तर त्या तारखा नाकारता येतात. शाळेत जाणारी मुले असलेल्या आईवडिलांना शाळेच्या सुट्टीत अग्रक्रम मिळणे हे त्यातले नेहमीचे कारण. स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे, तिथे उन्हाळी सुट्टी साधारण जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. आपली गणेशचतुर्थी कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, कधी सप्टेंबरच्या मध्यास. ज्या वर्षी ती लवकर येईल त्या वर्षी आपण सर्व पालकांच्या रांगेत उभ्या असाल. ती उशिरा आली तर ऑफिसात अडचण कमी होईल, पण मूल सहाव्या वर्षी शाळेत जाऊ लागले की शाळेच्या दिवसांत त्याला घेऊन निघता येणार नाही, कारण जर्मनीत शाळेची हजेरी सक्तीची आहे आणि सहलीसाठी दांडी मारल्यास पालकांना दंड होऊ शकतो. म्हणजे पहिली दोन वर्षे आपल्याला मोकळीक आहे आणि त्यानंतर गणपतीऐवजी काही वर्षी दिवाळीचा विचार करावा लागेल. शरद ऋतूतली शाळेची सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटी असते आणि कधीकधी दिवाळीला लागून येते, मात्र ती जेमतेम आठवड्याची असते. रजेचा एक भाग सलग दोन आठवड्यांपेक्षा कमी नसावा अशी तरतूद कायद्यात आहे. सलग चार आठवड्यांचा हक्क नाही, पण जानेवारीतच अर्ज केला तर तो सहसा मंजूर होतो. कंपनीत कर्मचाऱ्यांची निवडून आलेली परिषद असेल तर रजेच्या वेळापत्रकावर तिचाही अधिकार चालतो. भांडण्याची वेळ आलीच तर प्रथम तिच्याकडे जावे.

नुसता हक्क पुरेसा नसतो याचे उदाहरण म्हणजे जपान. तिथे १९४७च्या कायद्याने सहा महिन्यांच्या नोकरीनंतर १० दिवस आणि साडेसहा वर्षांनंतर २० दिवस भरपगारी रजा मिळते, पण सहकाऱ्यांवर भार पडेल या संकोचाने लोक ती घेतच नसत. शेवटी एप्रिल २०१९ पासून सरकारला असा नियम करावा लागला की ज्याला १० किंवा अधिक दिवस मिळतात त्याने किमान पाच दिवस घेतले आहेत हे मालकानेच पाहावे, नाहीतर मालकाला दंड. कायदेशीर हक्काची ही अवस्था होऊ शकते, तर हक्कच नसलेल्या अमर्याद रजेची काय होत असेल याची कल्पना आपण करू शकता.

आकडे वाचताना आणखी एक खबरदारी घ्यावी. ब्रिटनमध्ये कायदेशीर रजा २८ दिवस सांगतात आणि ती जर्मनीच्या २०पेक्षा बरीच मोठी वाटते, पण त्या २८ मध्ये इंग्लंडच्या आठ सार्वजनिक सुट्ट्या मालक धरू शकतो. जर्मनीत सार्वजनिक सुट्ट्या रजेच्या वर असतात. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये त्या १२ आहेत. मात्र सुट्टी रविवारी आली तर ती गेली, बदली सोमवार मिळत नाही. दोन सुट्ट्या दरवर्षी गुरुवारीच येतात, त्यामुळे शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे होतात. चार दिवसांत साताऱ्याला येणे होत नसले तरी माणसाला दम खाता येतो.

पैशाचे गणितही मांडून पाहू, कारण यजमानांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. वर्षात शनिवार-रविवार वगळता सुमारे २६० दिवस उरतात. दोन्हीकडे आठवड्याच्या मधल्या सुट्ट्या १० धरल्या आणि जर्मनीत ३० दिवस, अमेरिकेत प्रत्यक्षात १५ दिवस रजा घेतली असे मानले, तर आपण जर्मनीत २२० दिवस काम कराल आणि अमेरिकेत २३५. हा फरक जवळजवळ सात टक्क्यांचा आहे. म्हणजे अमेरिकेचा पगार हाती पडताना सात टक्क्यांनी जास्त असेल तर रोजचा दर सारखाच झाला, आणि तीस-चाळीस टक्क्यांनी जास्त असेल तर पैशाच्या बाजूने अमेरिकाच जिंकते. जास्त रजा म्हणजे आपोआप जास्त फायदा, असे मी म्हणणार नाही. पण आपल्याला हवे आहेत ते साताऱ्याचे चार आठवडे. ते नंतर पगारातून विकत घेता येत नाहीत.

आईंच्या शस्त्रक्रियेचा विचार मात्र वेगळा करावा लागेल, कारण इथे दोन्ही देश पहिल्या वर्षी हात आखडता घेतात. जर्मनीत नव्या नोकरीत पूर्ण रजेचा हक्क सहा महिन्यांनी मिळतो, तोपर्यंत महिन्याला बाराव्या हिश्शाने. अमेरिकेत १९९३च्या कायद्याने आईवडिलांच्या गंभीर आजारपणासाठी वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत नोकरी राखून रजा मिळते, पण ती बिनपगारी. शिवाय कंपनीत किमान ५० कर्मचारी, त्या मालकाकडे १२ महिने नोकरी आणि मागील १२ महिन्यांत १,२५० तास काम अशा अटी आहेत. त्या कायद्यात सासूसासऱ्यांचा समावेश नाही, म्हणजे आपल्या आईसाठी ती रजा आपल्याला मिळू शकेल, सासूबाईंसाठी नाही. त्यामुळे शक्य असेल तर शस्त्रक्रिया निघण्यापूर्वी इथेच उरकून घ्यावी आणि त्यासाठी इथली शिल्लक रजा वापरावी, असे मी सुचवीन. ते शक्य नसेल तर भारतातील सेवा नव्या करारात सलग धरली जाईल असे एचआरकडून लिहून घ्यावे. एकाच समूहातील बदली असल्याने ही मागणी अवाजवी नाही.

आपण सांगितलेल्या परिस्थितीत माझे मत स्टुटगार्टच्या बाजूने आहे. तरीही अमेरिकेचाच निर्णय झाला, तर ‘अमर्याद’ या शब्दावर सही करू नये. ‘वर्षाला किमान २५ दिवस, त्यांपैकी किमान १५ दिवस सलग, आणि भारतातून दूरस्थ काम करण्याची मुभा किती आठवड्यांची’ अशी वाक्ये पत्रात घालून मागावीत. आपल्याच हुद्द्यावरच्या लोकांनी गेल्या वर्षी सरासरी किती दिवस घेतले, हेही विचारावे. याचे उत्तर द्यायला एचआरने टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजावे. भारतातून काम करण्याची मुभा मागताना कर आणि व्हिसाची बाजू कंपनीकडून तपासून घ्यावी. काही मॅनेजर ‘जा की, तिथूनच लॉगिन करा’ असे सहज म्हणतात. ती रजाही नव्हे आणि घरचा गणपतीही नव्हे.

शेवटी इथल्या शिल्लक रजेविषयी. आपली कंपनी महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येत असेल आणि आपण व्यवस्थापकीय पदावर नसाल, तर वर्षाला आठ किरकोळ रजा, आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस काम केलेले असल्यास दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा एवढा आपला हक्क आहे. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते आणि नोकरी सोडताना शिल्लक दिवसांचे पैसे मिळतात. बदली ‘राजीनामा देऊन नवी नेमणूक’ अशी होणार असेल तर हे पैसे अंतिम हिशेबात धरले आहेत का, हे आताच लेखी विचारावे. नोकरी सुटताना मिळालेल्या अशा रकमेला खाजगी नोकरदारांसाठी करमाफीची आयुष्यभराची कमाल मर्यादा २०२३ पासून २५ लाख रुपये झाली आहे. प्रत्यक्ष माफी मात्र सरासरी पगार, सेवेची वर्षे आणि शिल्लक दिवस यांवरून ठरते. नोकरी चालू असताना रजा विकली तर तिच्यावर पूर्ण कर लागतो. म्हणून आईंसाठी लागणारे दिवस आधी घ्यावेत आणि उरतील त्यांचे पैसे बाहेर पडतानाच मागावेत.

आपला,
सल्लागार